पंखा फिरतो, स्क्रीन काळीच! तुमच्याकडे काय निघालं होतं?

मंडळी, परवा रात्रीपासून आमचा डेस्कटॉप रुसलाय. बटण दाबलं की पंखा गरगरतो, दिवा लागतो, मॉनिटर मात्र 'नो सिग्नल' दाखवून झोपी जातो. आठ वर्षांचं मशीन, आम्ही लालबागला तळमजल्यावर, जुलै चालू आणि भिंतीला ओल. गल्लीतला रिपेरवाला आला, डबा उघडलासुद्धा नाही आणि म्हणे मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला, साडेसहा हजार. लेक म्हणते नवीन घ्या. त्याआधी म्हटलं इथे विचारावं. स्वतःच्या घरी काय झालं होतं तेच सांगा, लिंका नकोत, त्या सगळ्या वाचून झाल्यात.

कल्याण स्लो
डबा न उघडता मदरबोर्ड गेला म्हणणारा माणूस आधी बदला काका. पावसाळ्यात पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही म्हणजे माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे बोर्डात खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर. आमच्याकडे हे इतक्यांदा झालंय की आता गणपतीच्या साफसफाईतच उरकून घेतो. प्लग काढायचा, मग पॉवरचं बटण पाचदहा सेकंद दाबून ठेवायचं म्हणजे आत उरलेला करंट जातो, मग रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा उघडून पट्टी सरळ वर काढायची. खालची सोनेरी दातं बघा, दमट हवेने काळपट पडलेली असतील. साधं पांढरं खोडरबर घ्या, शाईचं खरखरीत नको, हलक्या हाताने दोन्ही बाजू घासा, आणि चुरा स्लॉटवर नाही तर लांब झटका. पहिल्यांदा केलं तेव्हा मी पट्टी नीट दाबलीच नव्हती, क्लिप 'टक्' वाजलीच नाही आणि दोन तास बसलो घाम पुसत, बायको दर दहा मिनिटांनी विचारतेय झालं का. तर टक् ऐकू आलं पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, स्लॉटही बदलून बघा.

गिरगावची मावशी
आमच्या ह्यांनी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या भोकात लावली होती. अख्खा रविवार गेला. एवढंच 😄

वसई लोकल
बीप ऐका आधी. आमचा जुना बोर्ड रॅम सैल असली की लांब लांब बीप देत राहायचा, थांबतच नाही. प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी, त्यामुळे बोर्डाचं मॅन्युअल बघणं उत्तम. काही नव्या बोर्डांवर बीपऐवजी चार बारके दिवे असतात, सीपीयू (प्रोसेसर), रॅम, ग्राफिक्स, बूट असे, जो पेटून राहील तिथे गाडी अडली समजायचं.

कलिना २६ जुलै
विषय निघालाच आहे तर. २००५ ला तिथे सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला, आम्ही तळमजल्यावर, घरात वीतभर पाणी आणि सीपीयूचा अख्खा डबा जमिनीवर. खालची कार्डं, बोर्डाचा खालचा भाग सगळं गाळात. तिसऱ्या दिवशी लाइट आली तशी बाबांनी पुसून बिसून, वरून कोरडं दिसतंय म्हणून प्लग लावला आणि असा काही जळका वास सुटला की शेजारचे धावत आले. बोर्ड गेला. हार्डडिस्क वरच्या कप्प्यात होती म्हणून सुकी राहिली, ती बाबांच्या ऑफिसातल्या मित्राच्या मशीनला लावली तर ताईचा अख्खा प्रोजेक्ट जागेवर. तेव्हापासून आमचा सीपीयू टेबलावर असतो, घर पाचव्या मजल्यावर आलं तरी. लालबाग, तळमजला म्हणालात म्हणून लिहिलं.

मुलुंड चेकनाका
माझा तर चालूच होत नव्हता, ना पंखा ना दिवा. एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) गेला म्हणून नवा आणायला लॅमिंग्टन रोडला निघालोच होतो, मित्र म्हणाला थांब, समोरच्या बटणाच्या दोन वायरी बोर्डावरून काढ आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव. टेकवलं, चालू! गेलं होतं ते बटण. रीसेटची वायर त्या पिनांवर सरकवली, दोन वर्षं रीसेट दाबूनच चालू करतोय, पाहुण्यांना सापडत नाही हा फायदाच.

ठाणे पूर्व
जुन्या एसएमपीएसच्या मागे लाल खटका असतो, ११५ आणि २३०. मे महिन्यात भाचा राहायला आला, त्याने तो सरकवला, कोणालाच पत्ता नाही. संध्याकाळी मी बटण दाबलं आणि लवंगी फुटावी तसा आवाज. एसएमपीएस नवीन घेतला, बाकी मशीन नशिबाने वाचलं. भाच्याला अजून वाटतं तो आवाज मी केला.

दादर टीटी
१२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची लाइट गेली तो दिवस. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली, त्यात विंडोजचं अपडेट चालू होतं. लाइट आल्यावर गोल फिरणारे ठिपके, परत बंद, परत ठिपके. एफ८ दाबदाबून बोट दुखलं, विंडोज १० मध्ये आता तसं सेफ मोड येत नाही हे नंतर कळलं. दोनतीनदा चालू होतानाच मुद्दाम बंद केलं की रिपेरचा निळा पडदा येतो. तिथून कमांड प्रॉम्प्टमध्ये चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी कमांड) लावलं, पाऊण तास चाललं, उठला. फोटो त्याच आठवड्यात बाहेरच्या डिस्कवर टाकले.

पार्ले पूर्व
आमच्याकडे रोज सकाळी 'एफ१ दाबा' आणि तारीख १ जानेवारी. बँकेची साइट उघडेना, मी तीन दिवस नेटवाल्या पोराशी भांडतोय. शेवटी त्यानेच दाखवलं की तारीख चुकली की साइटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट चालत नाही. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, २०३२ नंबर, ३ व्होल्ट, घड्याळवाल्याकडे मिळतो. तो संपला की मशीन तारीख विसरतं. पोराला चहा पाजला.

लालबाग तळमजला (धागाकर्ता)
आत्ताच उठलो जमिनीवरून. रॅम काढली, दातं खरंच चहाच्या डागासारखी. लेकीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, ती वर उभी राहून टॉर्च धरतेय आणि सूचना करतेय. दोन्ही पट्ट्या लावल्या तर काळीच. एकेक लावली, पहिली कुठल्याच स्लॉटमध्ये चालेना, दुसरी मागच्या स्लॉटमध्ये टक् झाली आणि आला की हो डिस्प्ले! म्हणजे एक पट्टी मेली, आता ४ जीबीवर चालतोय, रडत का होईना. रिपेरवाल्याला काय सांगायचं ते उद्या बघू. आणि पार्लेकर, स्क्रीनवर तारीख १ जानेवारी दाखवतोय, घड्याळवाला नऊला बंद करतो, निघतो.