शब्दचर्चा: लक्झेंबर्गच्या ‘ॲडव्होकेट जनरल’ला महाधिवक्ता म्हणावं का?

प्रश्न: युरोपियन युनियनच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयावरचा लेख मराठीत आणतोय. त्यात ‘ॲडव्होकेट जनरल’ आणि त्याचं ‘ओपिनियन’ पानोपानी येतं. ‘महाधिवक्ता’ आणि ‘मत’ चालेल?

— ‘महाधिवक्ता’ अजिबात नको. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६५ खालचा आपला महाधिवक्ता राज्य सरकारचा वकील असतो. लक्झेंबर्गचे ११ ॲडव्होकेट जनरल कुठल्याच पक्षाचे नसतात; ते न्यायालयाचेच सदस्य, नेमणूक न्यायाधीशांसारखीच सहा वर्षांची. निकाल काय असावा हे ते खुल्या न्यायालयात सकारण मांडतात. त्यानंतर न्यायाधीशांचा विचारविनिमय गुप्तपणे होतो, त्यात ते नसतात. मूळ पदनाम देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात खुलासा करा.

— मग ‘न्यायमित्र’?

— तोही नाही. न्यायमित्र एखाद्या प्रकरणापुरता न्यायालयाला मदत करायला येतो, न्यायालयाचा सदस्य नसतो. ‘ओपिनियन’ला मात्र ‘अभिप्राय’ बरा. ‘मत’ म्हटलं की आपल्या वाचकाला एखाद्या न्यायाधीशाचं भिन्न मत वाटतं, आणि तिथे भिन्न मत नोंदवायची सोयच नाही. सगळ्यांचा मिळून एकच निकाल, तोही बऱ्याचदा त्रोटक. म्हणून तर अभिप्राय इतका वाचला जातो: नाकारलेले पर्याय आणि त्यामागची कारणं त्यातच सविस्तर सापडतात.

— शब्दापेक्षा क्रियापदात जास्त चुका होतात. अभिप्राय बंधनकारक नसतो, तरी ‘न्यायालयाने ठरवलं’ असं लिहिलं जातं. गूगल स्पेन प्रकरण घ्या. २५ जून २०१३ च्या अभिप्रायात ॲडव्होकेट जनरल नीलो यास्किनेन यांनी ‘विसरलं जाण्याचा हक्क’ (आपल्याबद्दलच्या जुन्या माहितीचे दुवे शोधयंत्रातून काढायला लावण्याचा हक्क) मान्य केला नाही; १३ मे २०१४ च्या निकालाने नेमकं उलट ठरवलं. दोन्हींवर प्रकरण क्रमांक एकच, सी-१३१/१२, त्यामुळे घोटाळा होतो. दोन्हींचा शेवट बघा: अभिप्राय ‘असं उत्तर द्यावं’ असं सुचवतो, निकाल आदेश देतो.

— निकालात ‘ॲडव्होकेट जनरलनी अभिप्रायाच्या अमुक मुद्द्यात म्हटल्याप्रमाणे’ असं आलं, की तेवढं विवेचन न्यायालयाने उचललं असं धरा. बाकीचं फार तर पुढच्या युक्तिवादात वजन टाकायला उपयोगी. म्हणून अभिप्रायाचे ‘मुद्दे’ आणि निकालाचे ‘परिच्छेद’ हा फरक भाषांतरातही पाळाच.

प्रश्न: ‘प्रत्येक प्रकरणात अभिप्राय दिला जातो’ हे वाक्य ठेवू का?

— काढा. कायद्याचा नवा प्रश्न नसेल तर ॲडव्होकेट जनरलचं ऐकून न्यायालय अभिप्रायाशिवायही निकाल देऊ शकतं.