शब्दचर्चा: नगरसेवकाला आचारसंहिता की वर्तणूक नियम?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या सात-आठ जणांनी मिळून नगरपरिषदेत एक अर्ज दिला. गटाराचं काम नगरसेवकाच्या भावालाच मिळालं होतं, त्याबद्दल. विषयाच्या ओळीत मी लिहिलं, ‘नगरसेवकांसाठीच्या आचारसंहितेबाबत’. आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी ती ओळ वाचली, शिक्का हातातच धरून मान वर केली आणि विचारलं, "आत्ता कुठली निवडणूक लागलीय?" त्या चेष्टा करत नव्हत्या. मी चुकीच्या टेबलावर आलेय असंच त्यांना वाटलं.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. आचार म्हणजे वागणं आणि संहिता म्हणजे एकत्र जुळवून ठेवलेलं, चरकसंहितेतली तीच. या अर्थानं डॉक्टरांची, वकिलांची, पत्रकारांची, कुणाचीही आचारसंहिता असू शकते. पण नुसतं ‘आचारसंहिता’ म्हटलं की मराठी कानाला निवडणूकच ऐकू येते.

माझ्या मते अडचण नामात नाही, क्रियापदात आहे. आचारसंहिता ‘लागते’. ग्रहण लागतं, सुतक लागतं, तशी. आणि जे लागतं ते कधीतरी सुटतं किंवा फिटतं. आचारसंहितासुद्धा निकालानंतर ‘उठते’. बोलताना आपण काय म्हणतो पाहा: रस्ता ‘आचारसंहितेत अडकला’, भूमिपूजन ‘आचारसंहितेच्या आधी उरकून घ्या’. या शब्दाला आपण मुदत चिकटवून टाकलीय. ती दीड-दोन महिन्यांची अडचण झाली, वागण्याचा नियम राहिली नाही. मग निवडून आल्यावर पाच वर्षं कसं वागायचं, त्या नियमांना काय म्हणायचं? अर्जात शोभेल आणि टपरीवरही कळेल असा शब्द हवाय.

प्रतिसाद

ताई, ‘नगरसेवक’ हाही लोकांचा शब्द. कायद्याच्या मराठीत महापालिकेत ‘पालिका सदस्य’ आणि नगरपरिषदेत ‘परिषद सदस्य’ म्हणतात. म्हणूनच पेपरातला ‘स्वीकृत नगरसेवक’ कागदावर ‘नामनिर्देशित सदस्य’ होतो. पूर्वी ‘नगरपिता’ म्हणायचे. पित्याला जाब कोण विचारणार? सेवकाला तरी विचारता येतो. अर्जात मात्र ‘परिषद सदस्य’ लिहा.

प्रतिसाद

शब्द आहे, आणि तुमच्या घरातल्या कपाटातच आहे. शाळा सोडल्याचा दाखला काढून पाहा. ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि पुढे बहुतेक ‘चांगली’ लिहिलेलं असतं. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीही हाच शब्द वापरलाय: महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. वर्तणूक ‘लागत’ नाही आणि ‘उठत’ही नाही. ती असते, रोजची.

मी बरीच वर्षं नगरपालिकेच्या कामकाजाशी संबंधित होतो, म्हणून थोडं जास्त लिहितो. नगरपरिषद अधिनियम १९६५ चा. त्यात सदस्याला पदावरून दूर करण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी धरल्यात. एक, कर्तव्य बजावताना केलेलं गैरवर्तन. दुसरं, लांच्छनास्पद वर्तन. पहिलं खुर्चीत बसून केलेलं. दुसरं त्याहून रुंद आहे, ज्यानं पदाला डाग लागतो असं काहीही त्यात येऊ शकतं. लांच्छन म्हणजे मुळात खूण. चंद्रावरचा डाग तो लांच्छन. पण नेमकं काय केलं म्हणजे डाग लागला, याची यादी तिथे नाही. ती यादी म्हणजेच वर्तणूक नियम.

‘अनर्ह’ हा शब्द यात मिसळू नका. पेपरवाले त्याला ‘अपात्र’ म्हणतात. अनर्हतेची कारणं कायद्यात मोजून दिलेली असतात: परिषदेच्या कंत्राटात स्वतःचा, जोडीदाराचा किंवा भागीदाराचा हिस्सा असणं, स्वतः किंवा जोडीदारानं बेकायदा बांधकाम करणं, वगैरे. पक्ष बदलल्याबद्दल तर १९८६ चा वेगळा अनर्हता अधिनियमच आहे. तुमच्या गटारात गोम इथेच आहे. भाऊ म्हणजे जोडीदार नव्हे. सदस्याचा स्वतःचा हिस्सा आतून आहे हे दाखवता आलं तरच कलम लागतं. नाहीतर प्रकरण अनर्हतेत बसत नाही, वर्तणुकीतच येतं.

प्रतिसाद

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे २०११ च्या कायद्यानं प्रत्येक कौन्सिलला सदस्यांच्या वर्तनाचे स्वतःचे नियम ठेवावेच लागतात, आणि ते १९९५ साली सार्वजनिक जीवनासाठी ठरलेल्या सात तत्त्वांशी जुळावे लागतात. पद घेतल्यावर २८ दिवसांत स्वतःचे आणि जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध कळवायचे. ती नोंदवही कुणालाही बघता येते. त्या सात तत्त्वांतल्या अकाउंटॅबिलिटीचं मराठी करताना मी अडले होते. ‘उत्तरदायित्व’ छापील वाटतं आणि ‘जबाबदारी’ म्हटलं की नुसतं काम अंगावर घेणं उरतं. वरच्या दादांनी ‘जाब’ लिहिलं आणि जीव भांड्यात पडला. ‘जाब देणं’, हेच ते!

मूळ लेखिका

काका, दाखला काढून पाहिला. वर्तणूक ‘चांगली’ आहे, शाई फिकी झालीय. हा शब्द मला आधी सुचायला हवा होता. ‘भाऊ म्हणजे जोडीदार नव्हे’ हे वाचून वाईट वाटलं, पण आता निदान कुठे बोट ठेवायचं ते कळलं.

‘जाब’ मनापासून आवडला, पण विषयाच्या ओळीत तो भांडणासारखा दिसेल. म्हणून तो आत, मजकुरात घेतलाय: ‘सदस्यांनी सभेत जाब द्यावा’. विषयाची नवी ओळ अशी: ‘परिषद सदस्यांचे वर्तणूक नियम व हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याबाबत’.

सोमवारी नेऊन देते. आवक क्रमांक मिळाला की इथे टाकते.