कॅज्युअल्टीत क्लिनिकल फार्मासिस्ट हवा, की त्याच पैशात आणखी सिस्टर?

निशाचर_डॉक्टर (धागाकर्ता):

सरळ मुद्दा मांडतो. ज्या रुग्णालयात चोवीस तास अपघात विभाग चालतो आणि पक्षाघाताला किंवा हार्ट अटॅकला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं जातं, तिथे क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे पेशंटची औषधं आणि डोस तपासणारा प्रशिक्षित औषधतज्ज्ञ, कॅज्युअल्टीतच असायला हवा. औषधांच्या खिडकीमागे किंवा तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये नव्हे, पेशंटच्या खाटेपाशी.

मी इमर्जन्सी मेडिसिनचा डॉक्टर आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या रुग्णालयात. गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे एकच औषध घ्या. 72 किलोच्या माणसाला हार्ट अटॅकसाठी त्याचा डोस 40 मिलिग्रॅम. त्याच माणसाला पक्षाघात झाला तर सध्याच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किलोला 0.25 मिलिग्रॅम, म्हणजे 18. आणि वजन कितीही असलं तरी 25 च्या वर जायचं नाही. औषध एकच, पण हृदयाचा डोस चुकून मेंदूच्या पेशंटला गेला तर मेंदूत रक्तस्रावाचा धोका किती वाढेल ते सांगायला नको. हा हिशोब करायची वेळ कोणती, तर पेशंट सीटी स्कॅनहून परत येतोय, मुलगा संमतीपत्र हातात घेऊन उभा आहे आणि शेजारच्या खाटेवर सीपीआर चाललाय.

रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचंही तसंच. लेबलवर कधी क्षाराचं वजन असतं, कधी मूळ औषधाचं. 2 मिलिग्रॅम बायटार्ट्रेट (हाच तो क्षार) म्हणजे 1 मिलिग्रॅम मूळ औषध. खरेदीत कंपनी बदलली की वॉर्डातल्या जुन्या तक्त्यावरचा हिशोब दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो, आणि हे रात्री दोन वाजता कोणाच्या लक्षात येणार?

अमेरिकेत रुग्णालयीन फार्मासिस्टांच्या संघटनेने 2011 मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि 2015 मध्ये तिथल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेनेच अपघात विभागात फार्मासिस्ट असण्याला अधिकृत पाठिंबा दिला. आपल्याकडे फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम 2008 पासून आहे, त्यातलं शेवटचं वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचं. ही शिकलेली मुलं-मुली आज कुठे आहेत? बरीचशी कंपन्यांमध्ये औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल भरतायत. तेही काम महत्त्वाचंच, पण यासाठी सहा वर्षं शिकवलं का?

मतं हवी आहेत, विशेषतः विरोधी.

इन्चार्ज_सिस्टर:

डॉक्टर, विरोधी मत हवंय ना, हे घ्या. माझी नोकरी सरकारी रुग्णालयात झाली, त्यातली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत.

तुम्ही सांगितलेल्या सगळ्या चुका होऊ शकतात, मान्य. पण त्या होतात कशामुळे? रात्रपाळीला दोन सिस्टर आणि खाटा भरून जमिनीवर गाद्या, त्यामुळे. अतिजोखमीचं औषध दोघींनी वेगवेगळं तपासायचं, हा नियम आम्हाला शिकवलेला आहे. दुसरी सिस्टर जागेवर असेल तर तो पाळता येतो. ती पेशंटबरोबर एक्स-रेला गेलेली असते. मग एका पदाचे पैसे असतील तर ते नर्सिंगला द्या. फार्मासिस्ट डोस तपासेल, पण शीर शोधणार का? पेशंटला कुशीवर वळवणार का? खाटेपाशी उभं राहून चूक दाखवणारे आमच्याकडे आधीच भरपूर आहेत, हात लावणारे कमी.

दुसरं, जबाबदारीचं. इंजेक्शन दिल्याची सही माझी. उद्या काही झालं तर चौकशी माझी. डोस सांगणारा त्या कागदावर कुठे असेल?

आणि हे लोक नऊ ते पाच येणार. कॅज्युअल्टी नऊ ते पाच चालत नाही.

फार्मडी_विदर्भ:

सिस्टर, तुमचा राग मी समजू शकते, पण कॅज्युअल्टीतला फार्मासिस्ट नुसता उभा राहत नाही. मी एका खासगी रुग्णालयात हेच काम करते, म्हणून सांगते.

विषबाधेचा पेशंट घ्या. आमच्या भागात फवारणीचा हंगाम सुरू झाला की हे पेशंट येतातच. 2017 साली यवतमाळमध्ये किती शेतकरी आणि शेतमजूर फवारणीत दगावले ते महाराष्ट्राने पाहिलंय. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर त्यावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन सुरू होतं, समजा 3 मिलिग्रॅमने. पाच मिनिटांत छातीतला स्राव कमी झाला नाही तर दुप्पट, म्हणजे 6. परत नाही झाला तर 12. साधी ॲम्प्युल असते 0.6 मिलिग्रॅमची. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच 5, मग 10, मग 20, अशा 35 ॲम्प्युल फोडायच्या! मोठी व्हायल स्टोअरमध्ये नसेल तर हे सिस्टरच करते, आणि तेवढा वेळ पेशंटकडे बघायला कोणी नसतं. आमच्याकडे हे भरून द्यायचं काम माझं. डोसाची वेळ, किती गेला, पुढचा किती, हे मी मोठ्याने सांगते आणि लिहिते. सिस्टरचे हात मोकळे राहतात.

बाटली नातेवाइकांनी आणली असेल तर तिच्यावरचं रसायनाचं नाव वाचायचं कामही माझं. फवारणीच्या सगळ्याच विषांवर ॲट्रोपिन चालत नाही. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर ऑक्सिजनसुद्धा गरजेपुरताच द्यावा लागतो, नाहीतर फुप्फुसाची हानी वाढते. हंगामाआधी ॲट्रोपिनचा साठा किती हवा हे स्टोअरला कळवणं हाही त्याच कामाचा भाग आहे.

आणखी एक सांगते, कारण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आजीबाई तोंडात फोड, ताप, पांढऱ्या पेशी घसरलेल्या अशा येतात. पिशवीत औषधांच्या पट्ट्या. त्यात संधिवाताचं मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, आणि आजी रोज घेतायत. हे रक्ताच्या रिपोर्टवर लिहून येत नाही. पट्टीतल्या रिकाम्या जागा मोजून आणि आजींना विचारून कळतं. मग नुसतं फोलिक ॲसिड नाही, मेथोट्रेक्सेटवरचा उतारा असलेलं फोलिनिक ॲसिड लागतं. पिशवी उघडून बसायला डॉक्टरला वेळ नसतो. हा त्यांचा दोष नाही, पण ती पिशवी कोणीतरी उघडायला हवी.

पेशंटची_लेक:

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. वर पिशवीचा उल्लेख आला म्हणून लिहिते. वडील बाथरूममध्ये पडले, डोक्याला मार लागला. ते झडपेच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ करणारी गोळी घेत होते, ॲसेनोकोमॅरॉल. मी पिशवी घेऊन एका मोठ्या रुग्णालयात गेले. फॉर्म, डिपॉझिट, वजन, मेडिक्लेम, सगळं विचारलं गेलं. गोळ्यांचं कोणी विचारलं नाही. मीच तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं तेव्हा एका तरुण डॉक्टरने पट्टी हातात घेतली आणि मग एकदम धावपळ सुरू झाली. वडील वाचले. म्हणून धागाकर्त्यांना माझा पाठिंबा आहे.

फक्त एक विचारायचंय. खासगी रुग्णालयं याचे वेगळे पैसे बिलात लावणार का? तसं असेल तर सामान्य माणूस याच्या विरोधातच जाईल.

तालुक्याचा_डॉक्टर:

मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा विचार करून नियम होतो आणि तो आमच्या डोक्यावर येऊन बसतो, ही माझी भीती आहे. माझं तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल आहे. पावसाळ्यात सर्पदंश: घोणस, फुरसे, मण्यार, नाग, या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. सुरुवातीला 8 ते 10 व्हायल, लहान मुलालाही मोठ्याइतक्याच, कारण सापाने सोडलेलं विष मुलाचं वजन बघून कमी होत नाही. आणि शेजारी ॲड्रेनॅलिन भरून तयार, रिॲक्शन आली तर मांडीच्या स्नायूत द्यायला. हे माझ्या कॅज्युअल्टीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेलं आहे. सिस्टर, वॉर्डबॉय, मी, सगळ्यांना पाठ आहे. यात फार्मासिस्ट आणखी काय करणार?

महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला तो खेड्यातल्या दवाखान्यात. कारण समजलं, औषध सापडलं, डोस सोपा करून सांगितला, आणि कोकणातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात तो देता येऊ लागला. माझा भरवसा अशा स्पष्ट पद्धतीवर आहे. नवीन पद निर्माण केल्याने शहाणपण येत नाही.

शिवाय वेळ. पक्षाघाताचा पेशंट दारात आल्यापासून 60 मिनिटांच्या आत इंजेक्शन सुरू व्हायला हवं. मध्ये आणखी एका माणसाची संमती घातलीत तर ती मिनिटं कुठून आणणार?

निशाचर_डॉक्टर (धागाकर्ता):

तालुक्याचे डॉक्टर, 15 खाटांच्या हॉस्पिटलवर हे लादावं असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. तुमच्यासाठी जिल्हा रुग्णालयातून फोनवर चोवीस तास औषधमाहिती मिळाली तर ते जास्त उपयोगी. पण भिंतीवरचा तक्ता एका आजाराचा असतो. माझ्याकडे येणारा पेशंट साठ वर्षांचा, किडनी निम्मी, आधीच आठ गोळ्या, आणि त्यात फिट आलेली. फेनिटॉइन द्यायचंय. ते ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळलं तर त्याचे स्फटिक बनतात, नॉर्मल सलाइनच लागतं, आणि मिनिटाला 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने गेलं तर रक्तदाब कोसळतो. इथवर तक्ता पुरेल. पण त्याच्या आठ गोळ्यांपैकी कोणती थांबवायची, कोणतीचा डोस किडनीमुळे बदलायचा, हे तक्ता सांगत नाही.

वेळेचं म्हणाल तर आम्ही फार्मासिस्टची संमती मागत नाही. पेशंट सीटीत असतानाच तो वजन विचारून डोस काढतो, औषध तयार ठेवतो. द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतो. पायरी वाढत नाही, दोन कामं एका वेळी होतात.

सिस्टर, तुमच्या सहीच्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. डोस काढणाऱ्याची सही त्याच कागदावर हवी.

सरकारी_औषधनिर्माता:

मी औषधनिर्माण अधिकारी आहे, म्हणजे तुमच्या भाषेत खिडकीमागचा माणूस. दोन्ही बाजू वाचल्या. मला दोघांशीही थोडं भांडायचं आहे.

2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत 2021 च्या दुरुस्तीने क्लिनिकल फार्मासिस्ट हे नाव आलं. पण नियमावलीत नाव येणं वेगळं आणि सरकारी आस्थापनेवर मंजूर पद, वेतनश्रेणी, रोटेशन असणं वेगळं. हे नसताना उद्या आदेश निघाला तर काय होईल मला माहीत आहे: माझ्यासारख्या माणसाला स्टोअर सांभाळून 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून कॅज्युअल्टीत उभं करतील. स्टोअरही बुडेल आणि कॅज्युअल्टीही.

फार्म.डी.बद्दल आदर ठेवूनच बोलतो. इंटर्नशिपमध्ये किती जण कॅज्युअल्टीत रात्र काढतात? मेडिसिनच्या राउंडला मागे उभं राहून केस लिहिणं आणि सीपीआर चालू असताना ॲड्रेनॅलिन किती गेलं याची नोंद ठेवणं, यात फार अंतर आहे. 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅमची ॲम्प्युल आणि तीच दहापट पातळ केलेली सिरिंज, यांचा गोंधळ पुस्तकात वाचून सुटत नाही. आधी प्रशिक्षण, मग पद.

आणि खिडकीमागचा माणूस बिनकामाचा समजू नका. पोटॅशियम क्लोराइडची 10 मिलिलिटरची ॲम्प्युल आणि डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्युल शेजारी ठेवल्या तर घाईत ओळखू येत नाहीत, आणि पोटॅशियम तसंच शिरेत गेलं तर जीव जातो. आमच्याकडे पोटॅशियम वॉर्डच्या उघड्या ट्रेमधून काढून कुलपात गेलं, ते स्टोअरच्या आग्रहामुळे.

इन्चार्ज_सिस्टर:

पोटॅशियमचं खरं आहे. पण कुलपाची किल्ली रात्री आमच्याच कमरेला असते, हेही लिहा.

फार्मडी_विदर्भ यांचं ॲट्रोपिनचं उदाहरण मला पटलं, कारण ती 35 ॲम्प्युल फोडताना बोटं कापतात हे मी पाहिलंय. कोणी हाताखाली येऊन भरून देणार असेल, चार्टवर स्वतःची सही करणार असेल आणि आमच्याच ड्युटी लिस्टमध्ये त्याचं नाव असेल, रात्रपाळीसकट, तर माझा विरोध निम्मा होतो. उरलेला निम्मा कायम आहे: सिस्टरची मंजूर पदं रिकामी असताना हे पद आधी भरायचं नाही.

फार्मडी_विदर्भ:

सिस्टर, रात्रपाळीला माझी तयारी आहे आणि सही मी आजही करते. पण 'आधी तुमची पदं, मग आमची' हे मला मान्य नाही. तुमची पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत, ती आमच्यामुळे नाहीत. दोन्ही मागण्या एकत्र गेल्या तर वित्त विभागाला एकीच्या नावाने दुसरी नाकारता येणार नाही. वेगवेगळ्या गेल्या तर दोन्ही नाकारतील. पेशंटची_लेक यांनी बिलाचं विचारलंय त्याचंही उत्तर देते: आमच्याकडे वेगळं शुल्क नाही, खाटेच्या आकारातच आहे, आणि तसंच असावं.

तालुक्याचा_डॉक्टर:

फोनवरच्या औषधमाहितीला माझा होकार आहे. पण फोन उचलणारा माणूस कॅज्युअल्टीत काम केलेलाच हवा, आणि रात्री दोनला उचलणारा हवा. जिल्हा रुग्णालयात तो कोण असेल, कोणाच्या पगारावर, हे कोणी सांगू शकेल का? सरकारी_औषधनिर्माता, तुम्हालाच विचारतोय.

सरकारी_औषधनिर्माता:

सध्याच्या मंजूर पदांत असा माणूस बसत नाही, डॉक्टर. वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांत आधी करून बघावं असं माझं मत आहे: तिथे फार्माकॉलॉजी विभाग असतो, काही ठिकाणी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारं केंद्रही असतं, शिकवायला माणसं असतात. तिथली कॅज्युअल्टी चालली तर फोनही तिथूनच चालवता येईल. जिल्ह्याचं त्यानंतर.