रिश्टरची मेणबत्ती आणि रिश्टरचे फराटे: हात एकच आहे का?

कोरडाकुंचला:
मी हौशी. नऊ वर्षं स्थिरचित्रंच करतोय. किटली, बाटल्या, फार तर चुरगळलेला कागद. गेल्या महिन्यात जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक हाती आलं, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. 1983 ची मेणबत्ती, इतकी नितळ की फुंकर मारावीशी वाटते. पान उलटलं की भलेमोठे रंगीत फराटे. मग 1988 मधली लेक बेट्टी, लाल-पांढऱ्या फुलांच्या जॅकेटात, आपल्याकडे पाठ फिरवून. आणि पुन्हा फराटे! याची शैली म्हणायची कुठली? हा बाजाराचा खेळ आहे, की मलाच काही दिसत नाहीये?

जवसतेल:
विषय बघू नका, हात बघा. फोटोवरून करायच्या चित्रात तो फोटो कॅनव्हासवर प्रक्षेपित करायचा, चित्र पुरं करायचा आणि रंग ओला असतानाच वरून कोरडा ब्रश हलकेच ओढायचा. कडा विरघळायच्या. फराट्यांच्या अमूर्त चित्रांत ब्रशच्या जागी स्क्वीजी यायची, म्हणजे लाकडी मूठ लावलेली अ‍ॅक्रिलिकची लांबलचक पट्टी. ती ओढली की वरचा थर पसरतो, खालचा मध्येच उघडा पडतो. दोन्हीकडे ओला रंग ओढणंच. दाब वाढला, एवढंच.

1962 चं 'टेबल' शोधा त्या पुस्तकात. आपल्या कामाच्या यादीत त्यानं पहिला क्रमांक त्याला दिलाय. मासिकातल्या फोटोवरून केलेलं साधं टेबल आणि त्यावर मधोमध रंग फिरवून केलेला करडा भोवरा. वस्तू आणि अमूर्त एकाच कॅनव्हासवर, तेही सुरुवातीलाच.

आणि तुम्ही किटलीवाले, म्हणून सांगतो: 1965 मध्ये त्यानं टॉयलेट पेपरचा रोल रंगवलाय. त्याच वर्षी नाझी काळातल्या लष्करी गणवेशात हसणारा मामा रुडी. त्याच वर्षी मावशी मारिआन, जिला नाझी राजवटीत मनोरुग्ण ठरवून मारलं गेलं. रोल, मामा, मावशी. तिघांवरूनही ब्रश तसाच फिरलाय. हे मला अजून पचलेलं नाही.

पोटमाळा:
ओढणं एक, हे मान्य. पण 'दाब वाढला, एवढंच' हे खटकलं. 2014 ची 'बिर्केनाऊ' चित्रं घ्या. ऑगस्ट 1944 मध्ये कैद्यांनी बिर्केनाऊच्या नाझी मृत्युछावणीत जीव धोक्यात घालून चोरून काढलेले चार फोटो. रिश्टरनं आधी ते चार कॅनव्हासवर उतरवले, मग थरावर थर चढवत गेला. आज त्यात फोटोतलं काही म्हणजे काही ओळखू येत नाही. मेणबत्तीची कडा मऊ करणं आणि हे, दोन्हीला एकच शब्द लावायचा?

जवसतेल:
नाही लावायचा. 'एवढंच' मागे घेतो. पण झाकायचंच होतं तर कोऱ्या कॅनव्हासवरही फराटे मारता आले असते. फोटो उतरवायची तसदी त्यानं घेतली ना?

पोटमाळा:
घेतली. आणि ती आपल्याला सांगावी लागते, चित्रात दिसत नाही. माझी अडचण तिथेच आहे.

कोरडाकुंचला:
तुमचं चालू द्या. मी काल रात्री ओल्या किटलीवरून दोन इंची कोरडा ब्रश आडवा ओढला. पहिल्या ओढीत किटली अशी काही थरथरली की मीच चरकलो. नऊ वर्षांत माझी एकही किटली हललेली नाही हो. दुसऱ्या ओढीत चोच गेली. तिथे थांबायला हवं होतं. चौथ्या ओढीला निव्वळ चिखल.

जवसतेल:
दर ओढीनंतर ब्रश पुसलात का?

कोरडाकुंचला:
पुसायचा असतो?