वॉशिंग सेंटरचा हौद: माणूस उतरवायचा की गाडी बोलवायची?

तासगावकर

माझं दोन रॅम्पचं वॉशिंग सेंटर आहे. मागे गाळाचा हौद, दहा बाय सहा, आठ फूट खोल, वर अर्ध्यापर्यंत स्लॅब. गळीत हंगामात ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर येतात, एकेका चाकातून दोन-दोन घमेली काळी माती निघते. हौद मृगाआधी रिकामा झाला नाही तर पहिल्या मोठ्या पावसाला भरून वाहतो आणि तेलाचा तवंग शेजारच्या द्राक्षबागेच्या चरीत उतरतो. म्हणून वर्षातून दोनदा उपसा करतो, मेमध्ये आणि दिवाळीनंतर.

गेल्या मेपर्यंत दोन माणसं उतरवत होतो. त्या दिवशी वरचं पाणी मड पंपाने काढलं, शिडी लावली, एक जण खाली गेला. पंधरा-वीस घमेली नीट वर आली. मग त्याने तळाचा घट्ट थर फावड्याने उचकटला आणि सडक्या अंड्यांचा भपकारा आला. मी कठड्यावरच होतो. त्याने भरलेलं घमेलं उचलायला हात घातला आणि हात तिथेच राहिला. हाक मारली तर वर बघितलं, पण ओ दिली नाही. दुसरा शिडीवर पाय टाकणार होता, त्याला दंडाला धरून मागे ओढला. नशिबाने खालच्याच्या कमरेला दोर होता. चौघांनी ओढून बाहेर काढला. दोन दिवस दवाखान्यात होता, वाचला.

यंदा मी जेटिंग आणि सक्शनची गाडी बोलावली, म्हणजे जोराच्या पाण्याने गाळ फोडून तो पाइपने ओढून घेणारी. बिल ११,००० रुपये. माणसांकडून केलं तेव्हा मजुरी ३,२०० आणि माती न्यायला ट्रॉली १,५००, म्हणजे ४,७०० लागायचे. फरक ६,३०० चा. सहा महिन्यांत माझ्याकडे तीन हजारांच्या आसपास गाड्या धुतल्या जातात. गाडीमागे २ रुपये १० पैसे. एवढ्यासाठी मी माणूस खाली पाठवत होतो.

माझं म्हणणं: हौदात माणूस उतरवणं आपण सगळ्यांनीच बंद करावं आणि खर्च धुलाईच्या दरात धरावा. वेगळं मत असेल तर मांडा.

बार्शीकर

तुमच्या माणसाचं वाचून वाईट वाटलं, तो बरा आहे हे चांगलं झालं. तरी मी असहमत आहे, आणि ते पैशापुरतं नाही.

आमच्याकडे जेटिंगची गाडी मिळत नाही. सेप्टिक टँक उपसणारी मिळते. दोन वर्षांपूर्वी ती बोलावली. तिने वरचं पातळ पाणी ओढलं, ३,००० घेतले आणि निघून गेली. खाली अडीच फूट गाळ जसाच्या तसा. ड्रायव्हर म्हणाला, माती ओढली तर पाइप चोंदेल. शेवटी माणसं उतरवावीच लागली आणि खर्च दुप्पट झाला.

दुसरं, माझा हौद चार फुटांचा आणि पूर्ण उघडा आहे. उतरलेल्या माणसाचं डोकं कठड्याच्या वर असतं. आठ वर्षं तीच दोघं येतात. उन्हाळ्यात शेतात काम नसतं तेव्हा त्यांना हे दोन दिवस हवे असतात. माणसाकडून मैला सफाई करून घ्यायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा गटार आणि सेप्टिक टँकसाठी आहे, गाड्या धुतलेल्या पाण्याच्या हौदासाठी नाही. उघड्या हौदाला मृत्यूचा सापळा म्हणू नका.

आणि दरात धरा म्हणता, तर कुठून धरू? बायपासवर एकाने हौदच बांधलेला नाही. तेल, माती, शॅम्पू सगळं थेट नाल्यात. त्याचा दर माझ्यापेक्षा ५० रुपयांनी कमी. त्याला कुणी विचारत नाही.

पाटीवाला

मी हे काम सहा वर्षं केलंय, आता रिक्षा चालवतो. दोघांचंही वाचलं. बार्शीकर साहेब, राग मानू नका, पण डोकं वर असतं हे उभं राहिल्यावर. पाटी भरताना माणूस वाकतो. तोंड गाळापासून हातभर अंतरावर येतं.

वर काळी साय असते. ती फुटेपर्यंत वाससुद्धा येत नाही. खालची माती लोण्यासारखी, पाय घोट्यापर्यंत रुततो आणि ओढून काढताना बुडबुडे येतात. त्यात काचा, नट, खिळे, ब्लेडचे तुकडे. माझ्या डाव्या तळव्यात अजून एक व्रण आहे. डिझेलने मांडीची कातडी आठवडाभर सोलत राहायची, साबणाने वास जायचा नाही, घरी जेवताना हाताला यायचा. मजुरी दुप्पट मिळायची म्हणून जायचो. त्या पैशाची गरज होती हे खरं आहे. पण आम्हाला काम हवं म्हणून उतरवतो, असं कुणी म्हणू नये. वरून उपसायचं काम दिलं असतं तर तेही केलंच असतं.

अजून एक. माणूस खाली असताना मड पंप चालू ठेवतात. आमच्यातल्या एकाला पाण्यात करंट लागला होता. पंप बंद करून वायर काढल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नका.

चिंचवडचा सिव्हिल

पाटीवाला यांनी जे बुडबुडे सांगितले, तोच तो वायू. चिखलाबरोबर शेण, पाचट, पालापाचोळा हौदात जातो. वर तेलाचा थर बसला की हवा आत जात नाही. हवेशिवाय कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि गाळात अडकून राहतो. गाळ हलवला की एकदम सुटतो. शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास काही मिनिटांतच नाकाला वास कळेनासा होतो, म्हणून ‘वास गेला, आता उतर’ असं म्हणणं फार धोक्याचं आहे. पाचशेच्या वर तर माणूस बघता बघता कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच जातो. तासगावकर, तुम्ही दंड धरला नसता तर तुमच्याकडे दोघं पडले असते.

पण माझं मत तुम्हा दोघांपेक्षा वेगळं आहे. माणूस की मशीन, हा वाद हौद चुकीचा बांधला म्हणून निर्माण झालाय. आपल्याकडे समज असा की हौद जितका खोल तितका चांगला. गाळ बसायला खोली लागत नाही, पसारा लागतो. पाणी जितकं रुंद पसरून हळू जाईल तितकी माती खाली बसते. वाळू मिनिटभरात बसते. तिच्यासाठी रॅम्पजवळ दीड फूट खोल, लांबट चर पुरते, आणि ती दर आठवड्याला कडेला उभं राहून फावड्याने काढता येते. त्यानंतर तेलाचा कप्पा. त्याच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून खाली तोंड केलेला एल्बो (काटकोनी जोड) बसवायचा, तोंड पाण्याच्या फूटभर खाली. तेल वर तरंगत राहतं, पाणी खालून जातं. शेवटचा कप्पा निवळीचा. काळ्या मातीचा बारीक अंश कित्येक दिवस बसत नाही, तिथे तुरटी वापरा, हजार लिटरला पन्नास-साठ ग्रॅम विरघळवून ढवळायची.

आणि चासीखाली डिझेलचा फवारा मारून वर शॅम्पू सोडणं थांबवा. साबणाने तेलाचे इतके बारीक थेंब होतात की ते तरंगतच नाहीत, कप्प्यातून पाण्याबरोबर निघून जातात.

गोदाकाठ

तासगावकर, ११,००० दिले ते ठीक. पण गाडी कुठे रिकामी झाली? मी नाशिकला राहते. आमच्या कॉलनीमागच्या ओढ्यात रात्री टँकर पाइप सोडून उभा असलेला मी स्वतः पाहिलाय. सकाळी कडेच्या गवतावर इंद्रधनुष्यासारखा पट्टा होता. हौदातला माणूस तुम्ही वाचवलात, पण तोच गाळ खालच्या गावाच्या विहिरीशेजारी गेला तर?

जुनं ऑइल आणि तेलकट गाळ २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतात. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, सार्वजनिक गटारात २०. तुमच्या हौदातलं पाणी बरणीत घेऊन उजेडात धरा, वर कडं दिसलं तर समजून जा. बायपासवाल्याची तक्रार बार्शीकरांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी करावी. त्याचा फटका तुम्हालाच बसतोय.

तासगावकर

तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी विचारलं नव्हतं. काल गाडीवाल्याला फोन केला, तर ‘बघतो कुठेतरी’ एवढंच उत्तर मिळालं. ११,००० देऊनही मी अर्धंच काम केलं होतं, हे मान्य करतो.

दिवाळीनंतरच्या उपशाला असं करणार आहे. आदल्या रात्री रॅम्प बंद, पाणी स्थिर. सकाळी आधी तवंग डब्याने काढून वेगळ्या बॅरलमध्ये, गाळाला हात न लावता. मग मधलं निवळ पाणी पंपाने टाकीत, ते ट्रॅक्टरच्या पहिल्या धुण्याला चालतं. उरलेल्या गाळासाठीच गाडी. कमी माल असेल तर फेराही एकच लागेल. ऑइलचं बॅरल परवानाधारकाकडेच देणार, भंगारात नाही. तेलकट गाळाची अडचण मात्र मोठी आहे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रं आहेत, पण माझ्या चार बॅरलसाठी ट्रक रांजणगावला पाठवायचा तर भाडंच मालापेक्षा जड. पाच-सहा सेंटरवाल्यांनी मिळून एक फेरी करावी, असं इथल्या दोघांशी बोललोय.

बार्शीकर, कायद्याचं म्हणाल तर एक बघा. बऱ्याच सेंटरवर कामगारांच्या संडासाची लाइन त्याच चेंबरला जोडलेली असते. माझीही होती, यंदा तोडली. ती जोडलेली असेल तर तो नुसता धुण्याच्या पाण्याचा हौद राहत नाही. गटार सफाईत मृत्यू झाल्यास ३० लाख भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय.

बार्शीकर

माझी लाइन वेगळी आहे, आज जाऊन पुन्हा बघितली. पाटीवाला यांनी वाकण्याचं सांगितलं ते मात्र डोक्यातून जात नाही. आमच्या दोघांना संध्याकाळी विचारलं. धाकटा म्हणाला, दरवर्षी पहिल्या दिवशी डोकं दुखतं, उन्हाने असेल असं वाटायचं. आठ वर्षांत त्याने हे सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

गाडीबद्दलचं मत बदललेलं नाही. जी मिळतच नाही तिच्या भरवशावर कसं राहू? पण उथळ चर बांधायला मला गाडी लागत नाही. मापं द्या. खर्च किती येईल? आणि बायपासवाल्याच्या तक्रारीची पोच मिळाली की इथे कळवतो.

चिंचवडचा सिव्हिल

दोन रॅम्पना पंधरा फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. तळाला रॅम्पकडे उतार द्या म्हणजे माती एका टोकाला जमेल. आतून घोटीव प्लास्टर, कोपरे गोल. वर उचलता येतील अशा लोखंडी जाळ्या, एकट्या माणसाला उचलतील एवढ्याच लांबीच्या. खर्च तिथल्या गवंड्याकडून घ्या, वीट आणि सिमेंटचा तुमच्याकडचा भाव मी इथून सांगणं बरोबर नाही. शेजारी फरशीचा ओटा करा, उपसलेली माती त्यावर निथळली की पाणी परत चरीत जाईल आणि ओल्या मातीचं भाडं भरावं लागणार नाही.

रुंदी तीन फुटांच्या वर नेऊ नका. कडेला उभ्या माणसाचं फावडं पलीकडच्या भिंतीला टेकलं पाहिजे.