सिरॅमिक शिल्पासमोर थांबलात? काय दिसलं ते लिहा

सातारा-सांगलीकडं माती घरोघरी येतेच: बेंदराला बैल, नागपंचमीला नाग, मग शाडूचा गणपती. पण प्रदर्शनात भट्टीतून भाजून निघालेलं शिल्प असलं की बरेच जण मिनिटभरात पुढं सरकतात. सांगलीतल्या प्रदर्शनात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या स्त्रीच्या शिल्पासमोर जे थांबले, त्यांनी इथं लिहावं. नुसतं 'छान' नको.

चित्रकला शिक्षिका, सांगली
नववीच्या मुलांना शिल्पाभोवती गोल बसवलं. अट एकच: आधी शेजारची पाटी वाचायची नाही, नुसतं रेखाटायचं. समोरच्यांना ती बाई दमलेली वाटली. मागं बसलेल्यांना पाठीवर बोटांचे ठसे दिसले, खालून वर दाबत नेलेले. त्यातली एक म्हणाली, "बाई, ही दमलेली नाही. उठायच्या तयारीत आहे." मग सगळ्यांच्या जागा बदलल्या. पुढच्या अंगाला हिरवट ग्लेझ आहे, पाठ मात्र उघडी. ग्लेझ म्हणजे काचेचाच थर, त्यावर उजेड चमकतो; उघड्या भाजलेल्या मातीवर तो मुरतो. पाठ जड का दिसते, हे मुलांनी असं स्वतः शोधलं. मत आधी विचारलं की मुलं 'सुंदर' लिहून मोकळी होतात. आधी काय दिसतं, मग तसं का दिसतं, आणि मत शेवटी, हाच क्रम मला योग्य वाटतो.

कुंभारकाम करणारा, कराड तालुका
आमच्या आव्याची, म्हणजे कुंभाराच्या भट्टीची, आच हजार अंशांच्या आतच राहते. या स्टोनवेअरला, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजणाऱ्या मातीला, १२०० ते १३०० लागते. तेवढ्या आचेत आमची लाल माती वाकून जाईल. मी आधी वाकून हवेचं भोक शोधलं. जाड मातीत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि काम भट्टीतच फुटतं. म्हणून आतून पोकळ करायचं आणि वाट ठेवायची. भोक काखेच्या आड होतं, सहज दिसत नाही. मग मनगट बघितलं. ओल्यापासून भाजेपर्यंत माती साधारण दहा-बारा टक्के आटते. बारीक मनगट लवकर वाळतं, जाड मांडी मागं राहते, आणि जोडावर तडा जातो. इथं तडा नव्हता. मनगटं झाकून ठेवून सगळं अंग सावकाश वाळवलं असणार. लोक चेहऱ्यापाशी थांबत होते, माझा पाय मनगटापासून निघेना.

मिरज
माझ्या वडिलांना दिसत नाही. कलाकार ताईंनी स्वतःहून हात लावू दिला. पाठीवरच्या ठशांत वडिलांनी आपली बोटं ठेवली आणि म्हणाले, "करणाऱ्याची बोटं माझ्याहून बारीक आहेत." घरी येईपर्यंत ते त्याबद्दलच बोलत होते.

निवृत्त बँक कर्मचारी, सातारा
औंधचं श्री भवानी संग्रहालय लहानपणापासून पाहत आलोय. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं. तिथं हेन्री मूर यांचं माता-बालक शिल्प आहे. त्यामुळं नाक-डोळे कोरलेले नसले तरी आकारात माणूस शोधायची सवय आहे. इथं मला अडवलं ते खांद्यावरच्या लाल डागानं. ताईंनी सांगितलं, ग्लेझमध्ये तांबं आहे: भट्टीत प्राणवायू भरपूर मिळाला तर हिरवं, कमी पडला तर लाल. डाग नेमका कुठं उठेल, हे पूर्णपणे त्यांच्या हातात नव्हतं. मग श्रेय आगीचं की त्यांचं? माझ्या मते त्यांचंच. डाग उठल्यावर हे शिल्प बाजूला न टाकता मांडायचं, हे त्यांनी ठरवलं.

गावभाग, सांगली
मला ते शिल्प अर्धंच पटलं. २०१९ च्या पुरानंतर आमच्या घरातून आम्ही घमेल्यांनी गाळ काढला आहे. माती म्हटलं की मला तो ओला, चिकट वास आठवतो. पाठ बघताना तो आठवला, चेहऱ्याकडं बघताना नाही. तिथलं हिरवं ग्लेझ फार स्वच्छ आहे. चेहराही उघड्या मातीचाच ठेवायला हवा होता. अभिप्रायाच्या वहीत हेच लिहिलंय, आणि ताईंशी त्यावर बोलायचंय.