मॉडेलला पैसे नेमके कशाचे मिळतात?

कोरीपाटी: एजन्सीचा करार वाचतेय. दिवसाचा दर, युसेज, कमिशन, अ‍ॅडव्हान्स हे शब्द पानोपानी आहेत. नवखेपणी, जम बसल्यावर आणि नाव झाल्यावर हा हिशोब कसा बदलतो? एकदा मुखपृष्ठावर झळकलं की पैसा सुरू होतो म्हणतात, खरं का?

बुकिंगडेस्क: मुखपृष्ठाचं म्हणाल तर उलटंच आहे. मासिकाच्या शूटला सगळ्यांत कमी पैसे, कित्येकदा काहीच नाही. ते करायचं पोर्टफोलिओसाठी, कारण जाहिरातीचे कास्टिंगवाले तीच पानं बघतात. जम बसलेल्यांचं घर चालतं ते ई-कॉमर्स आणि कॅटलॉगवर: दिवसभर कपडे बदला, त्याच तीन-चार पोझ द्या. रटाळ, पण नेमाने येणारं काम.

आता कमिशन. दर 100 धरा. एजन्सी त्यातले साधारण 20 कापते आणि क्लायंटकडून वर आणखी 20 घेते. क्लायंटचे गेले 120, तुमच्या वाट्याला 80. त्यातूनच अ‍ॅडव्हान्स, म्हणजे एजन्सीने तुमच्यासाठी आधी केलेला खर्च, वळता होतो: टेस्ट शूट (पोर्टफोलिओसाठीचे सरावाचे फोटो), कॉम्प कार्ड (फोटो आणि मापं असलेलं मॉडेलचं कार्ड), विमानाचं तिकीट, मॉडेल अपार्टमेंटचं (एजन्सीने मॉडेल्सना दिलेल्या घराचं) भाडं. म्हणून पहिल्या सीझनला भरपूर काम करूनही खातं उणे दिसतं. दर महिन्याला खर्चाचं तपशीलवार स्टेटमेंट मागा.

रॅम्पमागे: नवे डिझायनर शोच्या मोबदल्यात कपडे देऊ करतात. कपड्यांनी भाडं भरता येत नाही, तेव्हा शो खरंच उपयोगाचा असेल तरच हो म्हणा. फिटिंगच्या तासांचे पैसे आधीच ठरवा.

खरी मेख युसेजमध्ये आहे. दिवसाचा दर म्हणजे शूटला उभं राहण्याचे पैसे. फोटो कुठल्या माध्यमात, कुठल्या देशांत आणि किती काळ वापरणार, याचे वेगळे. ‘सर्व माध्यमं, सर्व देश, कायमस्वरूपी’ यावर सही केलीत की पुढे तोच चेहरा होर्डिंगवर लागला तरी दमडी मिळत नाही. मुदत एक वर्षाची ठेवली तर पुढच्या वर्षी नूतनीकरणाचे पैसे येतात. नाव झालेल्यांची मोठी कमाई इथली, शिवाय एक्सक्लुझिव्हिटीची: एका परफ्यूमचा चेहरा झालात की बाकीची परफ्यूम बंद, त्या बुडालेल्या कामाची भरपाई दरात धरलेली असते.

कोरीपाटी: अ‍ॅडव्हान्सवर 5 टक्के शुल्कही लिहिलंय.

बुकिंगडेस्क: असतं, पण घासाघीस करून बघा. मदर एजन्सी, म्हणजे तुम्हाला आधी हेरून दुसऱ्या एजन्सीकडे पाठवणारी मूळ एजन्सी, असेल तर तिचा वाटा एजन्सीच्या 20 मधून जायला हवा, तुमच्या 80 मधून नाही. हे कागदावर घ्या.

हिशोबनीस: दोन गोष्टी राहिल्या. ‘ऑप्शन’ म्हणजे तारीख राखून ठेवली एवढंच. कन्फर्म होईपर्यंत रद्द झालं तर काही मिळत नाही. आणि पैसे यायला 60 ते 90 दिवस सहज लागतात. शूट संपल्यावर व्हाउचरवर (त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) वेळ, ओव्हरटाइम आणि युसेज भरल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या रकान्यात नंतर काय लिहिलं जाईल, सांगता येत नाही.

न्यूयॉर्कच्या एजन्सीचा करार असेल तर तिथल्या फॅशन वर्कर्स अ‍ॅक्टप्रमाणे जून 2025 पासून कमिशन 20 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि तुमची एआय प्रतिकृती वापरायला वेगळी लेखी संमती लागते.